रात्रभर जागा राहणारा बोर्ड

टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाला दिवसापेक्षा रात्रीची काळजी अधिक असते. दिवसा साखर खाली गेली तर हात थरथरतो, घाम येतो, भूक लागते. माणूस काहीतरी गोड खातो आणि सावरतो. झोपेत मात्र ही लक्षणे जाणवतीलच असे नाही. रक्तातील साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरत गेली आणि जाग आली नाही, तर शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणूनच ज्या घरात असे मूल असते, त्या घरातील आईवडील वर्षानुवर्षे रात्री दोन-तीनदा उठून मुलाच्या बोटाला सुई टोचत आले आहेत.

गेल्या दहा-बारा वर्षांत हे रात्रीचे जागरण काही घरांमध्ये एका छोट्या संगणकाने आपल्याकडे घेतले. हा संगणक म्हणजे लॅपटॉप नव्हे. खिशात मावणारा, पडदा नसलेला, कळफलक नसलेला एक उघडा डेव्हलपमेंट बोर्ड. त्यावर चालते लिनक्स. इंजिनीअरिंगचे विद्यार्थी ज्या बोर्डावर दिवे लावण्या-विझवण्याचे प्रयोग करतात, त्याच जातीचा हा बोर्ड. फरक इतकाच की प्रयोगशाळेतला बोर्ड सुरू झाला नाही तर गुण जातात. हा सुरू झाला नाही तर माणसाच्या इन्सुलिनची आखणी थांबते. त्यामुळे त्यावर लिनक्स कसे बसवायचे, ते दर वेळी नीट सुरू कसे होईल आणि नवी आवृत्ती कधी व कशी लावायची, हे प्रश्न तांत्रिक न राहता आरोग्याचे झाले.

आवाज वाढवण्यापासून सुरुवात

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. त्यानंतर इन्सुलिन बाहेरून घेण्याला पर्याय उरत नाही. ते सुईने घेता येते किंवा पंपाने. पंप दिवसभर थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहतो, त्याला बेसल मात्रा म्हणतात. जेवणाच्या वेळी जी जादा मात्रा द्यायची ती वेगळी. दुसरीकडे, त्वचेखाली बसवलेला सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा देतो. पंप आणि सेन्सर अशी दोन्ही यंत्रे अंगावर असली, तरी पूर्वी त्यांचे एकमेकांशी बोलणे नव्हते. आकडा बघायचा माणसाने, गणित करायचे माणसाने आणि पंपाची बटणे दाबायची तीही माणसानेच.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात राहणाऱ्या डेना लुईस यांची अडचण याहूनही साधी होती. त्यांच्या सेन्सरचा गजर इतका हळू वाजायचा की गाढ झोपेतून जागच येत नसे. सेन्सरमधला आकडा बाहेर काढता आला, तर फोनवर मोठा गजर लावता येईल, एवढाच त्यांचा विचार होता. जॉन कॉस्टिक या अभियंत्याने आपल्या मधुमेही मुलासाठी सेन्सरमधून आकडे काढणारा कोड लिहिला होता. २०१३ मध्ये तो लुईस यांना मिळाला. त्यांनी स्कॉट लीब्रँड यांच्यासह त्यावर गजर बसवला, मग पुढच्या काही तासांतील साखरेचा अंदाज बांधणारे गणित बसवले. पुढे स्वतः मधुमेही असलेल्या बेन वेस्ट यांनी काही वर्षे खपून उलगडलेली पंपाची रेडिओ-भाषा हाती आली आणि डिसेंबर २०१४ मध्ये साखळी पूर्ण झाली. सेन्सर आकडा देणार, बोर्ड गणित करणार, पंप ऐकणार. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा आराखडा 'ओपन एपीएस' या नावाने सर्वांसाठी खुला झाला.

पहिला संच रास्पबेरी पाय या बोर्डावर उभा राहिला. तो बाळगायला जड पडायचा, सोबत बॅटरी आणि यूएसबी काडी लागायची. २०१६ मध्ये इंटेलचा एडिसन हा बोर्ड वापरात आला. आकार साधारण साडेतीन सेंटिमीटर बाय अडीच सेंटिमीटर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या एसडी कार्डाहून किंचित मोठा. त्यात १ गिगाबाइट रॅम आणि ४ गिगाबाइट साठवण. पंपाशी बोलणारा रेडिओ बसवलेल्या दुसऱ्या एका छोट्या बोर्डावर तो चढवला आणि बॅटरी जोडली की संच तयार.

आधी बसवणे

कारखान्यातून येताना एडिसनवर इंटेलने दिलेले लिनक्स असायचे. ओपन एपीएससाठी मात्र डेबियन या प्रसिद्ध लिनक्सवर आधारलेले 'जुबिलिनक्स' त्यावर बसवावे लागे. साध्या संगणकावर आपण पेनड्राइव्ह लावतो, पडद्यावर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो आणि काम होते. ज्या बोर्डाला पडदाच नाही, त्याच्याशी बोलायचे कसे?

त्यासाठी बोर्डावर दोन मायक्रो-यूएसबी तोंडे असत. एकातून बोर्डाचे बोलणे ऐकायचे. बोर्ड सुरू होताना एकेक ओळ लिहीत जातो, ती आपल्या संगणकाच्या खिडकीत दिसते. दुसऱ्यातून नवी प्रणाली आत ढकलायची. संगणकावर एक आज्ञा द्यायची, तो बोर्डाची वाट पाहत थांबतो. मग बोर्ड बंद करून पुन्हा सुरू करायचा. सुरू होताना अगदी थोडा वेळ बोर्ड 'कोणी नवीन काही देणार आहे का' हे तपासतो. त्या क्षणी संगणकाने त्याला गाठले की एकेक भाग आत जाऊ लागतो: आधी सुरुवातीचा कोड, मग लिनक्सचा गाभा, शेवटी फायलींचा मोठा साठा.

इथे नवख्यांची घाई नडते. सगळे आत गेल्यावर पडद्यावर सूचना येते की काम पुरे करण्यासाठी बोर्ड पुन्हा सुरू होतो आहे, दोन मिनिटे केबल काढू नका. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र बोर्ड पहिल्यांदाच स्वतःची घडी बसवत असतो. याच वेळी वीज गेली किंवा कोणी केबल ओढली, तर अर्धवट लिहिलेली प्रणाली उरते आणि बोर्ड सुरू होत नाही. तंत्रज्ञ अशा वेळी म्हणतात, बोर्डाची वीट झाली. सुदैवाने एडिसनसारख्या बोर्डात चिपमध्येच कायमचा कोरलेला एक छोटा कोड असतो. तो पुसला जात नाही. त्याच्या आधाराने बहुतेक वेळा बोर्ड पुन्हा मार्गावर आणता येतो. फक्त वेळ जातो आणि तेवढा वेळ पंपाला बोर्डाची सोबत नसते.

प्रणाली बसली की पुढची कामे वरवर किरकोळ वाटतात, पण त्यांतली एकही टाळण्यासारखी नाही. सर्वांना ठाऊक असलेला मूळ पासवर्ड बदलायचा, कारण हा बोर्ड कोणाच्या तरी शरीरात जाणारे औषध ठरवणार आहे. घरचे, ऑफिसचे, फोनचे वाय-फाय नोंदवायचे. पंपाचा अनुक्रमांक द्यायचा, म्हणजे शेजारी दुसरा पंप असला तरी बोर्ड त्याच्याशी बोलणार नाही. आणि घड्याळ जुळवायचे. पहाटे अनेकांना जास्त बेसल लागते, मध्यरात्री कमी. बोर्डाचे घड्याळ पाच तास पुढे-मागे असेल, तर पहाटेची मात्रा भलत्याच वेळी मोजली जाईल.

घड्याळाची ही गोष्ट रास्पबेरी पाय झीरोसारख्या बोर्डांत अधिक नाजूक आहे. त्यांच्यावर वीज गेल्यावरही चालू राहणारे घड्याळच नसते. बंद झालेला बोर्ड पुन्हा सुरू होतो, तेव्हा इंटरनेट मिळेपर्यंत त्याला नेमकी वेळ माहीत नसते. म्हणून सेन्सरचा आकडा १२ मिनिटांपेक्षा जुना दिसला, किंवा चक्क भविष्यातला दिसला, तर ओपन एपीएसचे गणित त्यावर विश्वास ठेवत नाही. जादा इन्सुलिन चालू असेल तर ते नेहमीच्या मात्रेवर आणते आणि थांबते.

मग सुरू होणे

वीज मिळाल्यापासून बोर्ड कामाला लागेपर्यंत काय घडते, हे समजून घ्यायला खो-खो आठवावा. एक खेळाडू दुसऱ्याला खो देतो आणि स्वतः बसतो; धावणे मात्र थांबत नाही. बोर्डाचेही तसेच.

वीज मिळते तेव्हा प्रोसेसरला काहीच ठाऊक नसते: साठवण कुठे आहे, रॅम किती आहे, लिनक्स म्हणजे काय. त्याला फक्त चिपमध्ये कोरलेला तो छोटा कोड वाचता येतो. तो कोड एका ठरलेल्या जागी पाहतो आणि पुढच्या कार्यक्रमाला खो देतो. हा पुढचा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर. एडिसनवर आणि इतर असंख्य छोट्या बोर्डांवर 'यू-बूट' नावाचा बूटलोडर असतो. तो साठवणीतून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलून रॅममध्ये ठेवतो, फायलींचा साठा कोणत्या कप्प्यात आहे ते सांगतो आणि बाजूला होतो. रास्पबेरी पायच्या जुन्या पिढ्यांत तर गंमत अशी की मुख्य प्रोसेसरच्या आधी चित्रे काढणारा भाग जागा होतो आणि एसडी कार्डावरून सुरुवातीच्या फायली तोच वाचतो.

कर्नल जागा झाला की तो घरातील भांडीकुंडी तपासतो: रेडिओ कुठे, वाय-फाय कुठे, साठवण कुठे. मोबाइलमध्ये असतात तशा आर्म जातीच्या प्रोसेसरवर ही यादी बहुधा 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या फायलीत लिहिलेली असते. ही यादी चुकली तर कर्नल सुरू होतो, पण रेडिओ त्याला सापडत नाही. लिनक्स उत्तम चालू, वाय-फाय चालू, दिवा चालू आणि पंपाशी बोलणे मात्र बंद, अशी फसवी स्थिती येते. शेवटी कर्नल पहिल्या प्रक्रियेला खो देतो, ती एकेक सेवा सुरू करते आणि त्यांपैकी एक सेवा ठरावीक वेळाने साखरेचे गणित करणारा कार्यक्रम चालवत राहते.

हे सगळे माणसाचा हात न लागता घडायला हवे. बॅटरी संपून बोर्ड रात्री दोनला बंद पडला, कोणीतरी चार्जर लावला, तर पासवर्ड टाकायला कोणी उठणार नाही. बोर्डाने आपणहून उठावे, वाय-फाय शोधावे, पंप शोधावा आणि कामाला लागावे. प्रयोगशाळेतील 'चालते' आणि अंथरुणाजवळचे 'चालते' यांत हाच फरक आहे.

सुरू न होण्याची कारणे बहुधा साधी असतात. एसडी कार्डावर काही लिहिले जात असताना वीज गेली की फायली बिघडतात. कार्डावर चालणाऱ्या बोर्डांचे हे जुने दुखणे आहे. दुसरे कारण म्हणजे नोंदींचा ढीग. बोर्ड दर मिनिटाला आपण काय केले ते लिहून ठेवतो. जुन्या नोंदी वेळेवर पुसल्या नाहीत तर छोटी साठवण भरते आणि जागा नाही म्हणून गणितच अडते. डायरी लिहिता लिहिता पाने संपावीत आणि काम थांबावे, तसा हा प्रकार. त्यामुळे जुन्या नोंदी आपोआप काढून टाकण्याची व्यवस्था ही अशा बोर्डावर चैन नसून गरज असते.

बंद पडले तर काय?

एवढी काळजी घेऊनही बोर्ड कधीतरी बंद पडणारच. ओपन एपीएसच्या आराखड्यातला सर्वांत शहाणा भाग इथेच आहे. बोर्ड सदैव चालू राहील, असे त्याने गृहीतच धरले नाही.

बोर्ड पंपाला कायमचा हुकूम देत नाही. 'पुढची ३० मिनिटे बेसल इतकी ठेव' एवढेच सांगतो. साखर घसरणार असे दिसले तर मात्रा कमी किंवा शून्य, चढणार असे दिसले तर जास्त. दर पाच मिनिटांनी नवा आकडा येतो, नवे गणित होते, गरज असेल तर नवा हुकूम जातो. बोर्ड मध्येच बंद पडला, बॅटरी संपली किंवा घरी विसरला, तर फार तर अर्ध्या तासात शेवटच्या हुकमाची मुदत संपते आणि पंप डॉक्टरांनी आखून दिलेल्या नेहमीच्या मात्रेवर परत येतो. बोर्ड नसलेल्या काळात तो जसा चालत होता, तसाच. बोर्डाची वीट झाली तरी पंपाची होत नाही.

दुसरी मर्यादा नव्या संचासाठी. शरीरात आधीच काम करत असलेल्या जादा इन्सुलिनची कमाल किती असू द्यायची, हा आकडा संचात भरावा लागतो. तो भरलाच नाही तर संच शून्य धरतो. याचा अर्थ, नवा बोर्ड सुरुवातीला इन्सुलिन कमी करण्याचेच काम करू शकतो. नेहमीच्या मात्रेवर भर घालण्याची परवानगी त्याला नंतर, माणसाने विचार करून द्यायची. नव्या ड्रायव्हरला आधी ब्रेक दाबायला शिकवतात, तसे.

अपडेट: गरज आणि जोखीम

फोनवर अपडेट आले की आपण बोट लावतो आणि विसरतो. बोर्डाचे तसे नाही. त्यावर तीन थर असतात: बूटलोडर, लिनक्स आणि साखरेचे गणित करणारा कार्यक्रम. सर्वांत वरचा थर वारंवार बदलतो. त्यात चुका दुरुस्त होतात, गणित सुधारते. मधला थर सुरक्षेच्या कारणाने अधूनमधून बदलावा लागतो. सर्वांत खालचा बूटलोडर मात्र अगदी अडल्याशिवाय हलवू नये, कारण तो बिघडला तर वरच्या दोघांना खो द्यायला कोणी उरत नाही.

ओपन एपीएसच्या कार्यक्रमाच्या म्हणून दोन वाटा ठेवलेल्या होत्या. नवे बदल आधी चाचणीच्या वाटेवर येत, तिथे जाणकार ते वापरून पाहत आणि खात्री पटल्यावरच ते मुख्य वाटेवर जात. बोर्डवाल्याने मुख्य वाटेवरचा कोड आणायचा, पुन्हा बसवायचा, मांडणीचे प्रश्न पुन्हा तपासायचे आणि नंतर काही तास नोंदी पाहत राहायचे. शहाणपणाचे साधे नियम यातूनच येतात. झोपण्याआधी अपडेट लावू नये. प्रवासाच्या आदल्या दिवशी लावू नये. शक्य असेल तर दोन संच ठेवावेत, एकावर नवे लावून पाहावे आणि दुसरा जुन्यावरच चालू द्यावा.

कारखान्यात तयार होणाऱ्या उपकरणांत हाच दोन संचांचा विचार एका बोर्डाच्या पोटात बसवतात. साठवणीचे दोन सारखे कप्पे करतात. चालू प्रणाली एका कप्प्यात, नवी प्रणाली दुसऱ्यात लिहायची. पूर्ण लिहून झाली, तपासून झाली, की बूटलोडरला सांगायचे, पुढच्या वेळी दुसऱ्या कप्प्यातून सुरू हो. नवी प्रणाली ठरलेल्या प्रयत्नांत नीट उभी राहिली नाही, तर बूटलोडर आपणहून जुन्या कप्प्याकडे वळतो. मध्येच वीज गेली तरी जुनी प्रणाली शाबूत असते.

सोबत असतो 'वॉचडॉग', म्हणजे राखणदार. हा एक स्वतंत्र टायमर. चालू प्रणालीने ठरावीक वेळाने त्याला 'मी जागी आहे' असे कळवायचे. ते कळवणे थांबले तर प्रणाली अडकली असे समजून तो बोर्ड पुन्हा सुरू करतो. या राखणदाराचे सर्वांत दूरचे उदाहरण मंगळावर घडले. नासाच्या इनजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरवरही लिनक्सच होते. ९ एप्रिल २०२१ रोजी पाती वेगाने फिरवून पाहण्याची चाचणी राखणदाराने मध्येच थांबवली, कारण उड्डाणाच्या स्थितीत जाताना ठरलेली वेळ उलटली होती. अभियंत्यांपुढे दोन मार्ग होते: उड्डाण-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बदलणे, किंवा आज्ञांच्या क्रमात थोडी भर घालणे. दुसऱ्या मार्गाने साधारण ८५ टक्के वेळा काम होईल असा अंदाज होता. तरी त्यांनी आधी तोच निवडला, कारण त्यात चालू यंत्रणेला सर्वांत कमी हात लागत होता. १९ एप्रिलला हेलिकॉप्टर उडाले. चालू यंत्रणेत शक्य तितका कमी बदल करावा, हे तत्त्व मंगळावर लागू आहे तसे उशाजवळच्या बोर्डालाही.

विज्ञानाची कसोटी

घरी जुळवलेल्या संचावर वैद्यकशास्त्राने विश्वास का ठेवावा, हा रास्त प्रश्न आहे. त्याचे एक ठोस उत्तर न्यूझीलंडमधून आले. तिथे ७ ते ७० वर्षे वयाच्या ९७ जणांवर २४ आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना ओपन एपीएसचेच गणित चालवणारी यंत्रणा दिली, बाकीचे पंप आणि सेन्सर वापरत पण गणित स्वतः करत. ही चाचणी बोर्डावर नव्हे, अँड्रॉइड फोनवर चालणाऱ्या रूपावर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. साखर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचा वेळ पहिल्या गटात ६१.२ टक्क्यांवरून ७१.२ टक्क्यांवर गेला. दुसऱ्या गटात तो ५७.७ वरून ५४.५ वर आला. साखर धोकादायक पातळीवर घसरल्याची गंभीर घटना दोन्ही गटांत झाली नाही. मात्र एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे: यंत्रणा वापरणाऱ्यांपैकी दोघांनी चाचणी अर्ध्यावर सोडली ती उपकरणांच्या आपसांतील जोडणीच्या अडचणींमुळे. गणित बरोबर असून भागत नाही, ते पंपापर्यंत पोहोचलेही पाहिजे.

नाण्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता नसलेल्या अशा जोडणीबद्दल इशारा दिला. एका रुग्णाच्या संचाने सेन्सरचे चुकीचे, चढे आकडे खरे मानून जास्त इन्सुलिन दिले होते आणि वैद्यकीय उपचारांची गरज पडली होती. शिवाय हे संच एका कंपनीच्या जुन्या पंपांवरच चालत, कारण त्या पंपांना रेडिओवरून हुकूम देता येई. जी फट रुग्णाला उपयोगी पडली, ती गैरहेतूने कोणालाही उपयोगी पडू शकते. जून २०१९ मध्ये त्या जुन्या पंपांबद्दलही सुरक्षेचा इशारा निघाला.

आणखी एक धोका वेगळ्याच दिशेने आला. जून २०१७ मध्ये इंटेलने एडिसन बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्या बोर्डावर लोकांनी रात्री विसंबून काढल्या, तो बाजारातून जाऊ लागला. वापरणाऱ्यांनी रास्पबेरी पाय झीरोसाठी नवा रेडिओ-बोर्ड जुळवला, पुढे बरेच जण फोनवरच्या रूपाकडे गेले. आराखडा आणि कोड खुला असल्यामुळेच हे स्थलांतर शक्य झाले. बोर्ड गेला, पण गणित उरले.

दरम्यान मान्यताप्राप्त यंत्रणाही आल्या. बेसल आपोआप कमी-जास्त करणारा पहिला व्यापारी संच अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला. नियमही बदलले. २९ मार्च २०२३ पासून अमेरिकेत नेटवर्कला जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणाला मंजुरी मागताना त्यात कोणकोणती सॉफ्टवेअर वापरली आहेत याची यादी आणि पुढे सुरक्षेचे अपडेट कसे देणार याची योजना सादर करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. उपकरण विकले की जबाबदारी संपली, असे आता म्हणता येत नाही.

आपल्या घरात काय विचारावे?

भारतात टाइप १ असलेल्या बहुतेक मुलांचा आधार आजही इन्सुलिनची सुई आणि ग्लुकोमीटर हाच आहे. पंप आणि सेन्सर यांचा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण सेन्सर, पंप, हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारी यंत्रे, घरी वापरायची श्वसनयंत्रे यांतून छोटे संगणक घरोघरी येतच आहेत. बोर्ड कसा जुळवायचा हे प्रत्येकाने शिकण्याची गरज नाही. उपकरण घेताना मात्र चार प्रश्न डॉक्टरांना आणि विक्रेत्याला जरूर विचारावेत.

पहिला: हे यंत्र मध्येच बंद पडले तर शरीराला काय होईल, ते सुरक्षित स्थितीत आपोआप जाते का? दुसरा: वीज किंवा बॅटरी परत आल्यावर ते आपणहून सुरू होते की कोणीतरी बटण दाबावे लागते? तिसरा: अपडेट कसे येते, ते अर्धवट राहिले तर जुन्या आवृत्तीवर परत जाता येते का आणि किती वर्षे अपडेट मिळणार? चौथा: यंत्राचा आकडा चुकीचा वाटला तर पडताळायचे कशाने?

यांची उत्तरे मिळाली तरी हाताशी काही गोष्टी असाव्यात. इन्सुलिनवर असलेल्याच्या घरात पंप असला तरी सिरिंज, इन्सुलिनची कुपी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि साखर किंवा ग्लुकोजची पूड नेहमी ठेवावी. आकडा आणि अंगातली लक्षणे जुळत नसतील तर बोटाला टोचून खात्री करावी. कोणतेही अपडेट सकाळी, घरात माणसे जागी असताना आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना लावावे. इन्सुलिनची मात्रा यंत्राच्या भरवशावर स्वतः बदलू नये. ती डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.